टेबलावर चालतो, पेटीत मरतो

अहो, माणूस मेल्यावर पेटीत जातो, हा पेटीत गेल्यावर मरायचा! कोण म्हणून काय विचारता? अँप हो, गिटारचा आवाज मोठा करणारा डबा! आमच्या भावोजींनी घरी बनवलेला, जुन्या रेडिओत असायचे ना, तसले काचेचे व्हॉल्व्ह घालून. आता भावोजींचं चष्म्याचं दुकान. माणसानं चष्मे विकावेत, जेवावं, घोरावं. पण नाही! लेक गिटार वाजवते म्हटल्यावर ह्यांनी जाहीरच केलं, "बिट्टी, बाजारातला डबा नको, तुझा अँप मी बनवणार." आणि त्या पोरीनं, तुम्हाला सांगतो, अख्ख्या कॉलेजात सांगून ठेवलं, कार्यक्रमात बाबांचाच अँप वाजणार. आणि कार्यक्रम कधी? मी तिथं टपकलो त्याच दिवशी संध्याकाळी!

मी आपला सहज ताईकडे गेलो, चहा मिळेल म्हणून. चहा राहिला बाजूला, भावोजींनी हातात बॅटरी दिली. "इथं उजेड धर. हलू नकोस." धरली. टेबलावर अँपचा पत्र्याचा सांगाडा कुशीवर निजवलेला, पोटातल्या वायरी उघड्या. बटण दाबलं, व्हॉल्व्ह मंद नारिंगी पेटले, बिट्टीनं तार छेडली... अहाहा! काय तो आवाज! मग भावोजींनी तो लाकडी पेटीत बसवला, चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळले, बटण दाबलं आणि फट्... गेला फ्यूज!

"व्हॉल्व्ह गेला असणार," भावोजी. व्हॉल्व्ह बदलला. टेबलावर? गातोय! पेटीत? फट्... गेला फ्यूज!

"वायरीचा टाका कच्चा असणार." झालं, सगळे टाके पुन्हा तापवले, घरभर धूर, ताई खोकतेय, खिडक्या उघडतेय. टेबलावर? गातोय! पेटीत? फट्!

"पेटीत घुसमटत असेल हो," ताई म्हणाली. "नका घालू पेटीत. असाच नेऊ दे तिला."

"असाच? अगं, चारशे व्होल्ट आहेत आत! हात लागला तर पोरगी स्टेजवरून थेट पार्किंगमध्ये! बंद केला तरी हा आत वीज धरून बसतो, कळलं? दर वेळी ती आधी उतरवावी लागते."

"म्हणजे बंद पडला तरी डूख धरतो? तुमच्याच घराण्यातला दिसतोय."

मी हसलो. बॅटरी हलली. "हलू नकोस म्हटलं ना!"

आणि तेवढ्यात बिट्टी, अगदी हळू आवाजात हं, म्हणाली, "बाबा... मी मैत्रिणीचा अँप मागून आणू का?"

तुम्हाला सांगतो, ती चिडली असती तर परवडलं असतं! भावोजींचा चेहरा असा उतरला... नुसते उठतायत, बसतायत, चष्मा काढतायत, पुसतायत, घालतायत, पुन्हा काढतायत. आणि त्या चष्म्याचा स्क्रू नखानं फिरवता फिरवता एकदम थांबले. "अरे! फ्रेममध्ये काच बसवताना आपण सगळे स्क्रू एकदम आवळतो का? एक आवळायचा, बघायचं. मग दुसरा!"

मग त्यांनी अँपच्या वायरीत मध्येच एक साधा बल्ब जोडला. शॉर्ट असेल तर बल्ब भगभगणार, नसेल तर मिणमिणणार, आणि फ्यूज वाचणार. अँप पेटीत ठेवला. एक स्क्रू आवळला... मिणमिण. प्लग काढ, दुसरा... मिणमिण. पुन्हा प्लग काढ, तिसरा... मिणमिण. माझा हात भरून आलेला, ताई दारात पदराला पीळ घालतेय, बिट्टी नखं खातेय. शेवटचा कोपरा... बल्ब असा भगभगला की आम्ही सगळे एकदम मागे!

खोललं. मूळचा स्क्रू हरवला म्हणून भावोजींनी तिथं कपाटाचा लांबलचक स्क्रू ठोकून दिलेला! आणि देखणं दिसावं म्हणून त्याच कोपऱ्यातून ट्रान्सफॉर्मरची वायर नेलेली. स्क्रू आवळला की टोक थेट वायरीच्या पोटात, आणि शॉर्ट!

"गावाच्या डोळ्यांचे नंबर काढता," ताई म्हणाली, "आणि..." पण बिट्टीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरगी बापाची आहे.

नवी वायर, लांबून नेली. आखूड स्क्रू. बटण दाबलं. थांबलो. गातोय! पेटीत गातोय! बिट्टीनं बापाला मिठी मारली, स्वयंपाकघरातून धावत आलेली ताई हातातली कढई ठेवायला विसरून नाचली, आणि मला कोणीतरी बॅटरी खाली ठेवायची परवानगी दिली.

संध्याकाळी सभागृह गच्च. बिट्टीनं काय वाजवलं हो! शेवटचा सूर विरला तरी लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात. मी डोळे पुसले, ताईनं माझ्याच रुमालानं पुसले, आणि भावोजींकडे वळून ती म्हणाली, "अहो, कसं वाजवलं लेकीनं?"

भावोजी खुर्चीच्या टोकावर, घामाघूम, नजर स्टेजवरच्या अँपवर खिळलेली, मुठीत जादाचा फ्यूज. म्हणाले, "वाजवलं का? केव्हा?"