चिंचेचं बुटूक

हसा बायांनो, पण मला ह्या गोष्टीची अजून लाज वाटते.

माझा धाकटा भाऊ रतन तेव्हा तळोद्याच्या लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. चांगली विजेची, भोंग्याला जोडलेली. पण पिपाणीवाले असे फुंकायचे की गिटार कोणाला ऐकूच यायची नाही. घरी येऊन रडवेला व्हायचा, "अक्का, मन्हं वाजाडनं कोनले आयकूच येत नही."

मग खापर गावच्या एका लग्नात मी फुंकणाऱ्यांच्या पुढ्यात उभी राहिले आणि चिंचेचं बुटूक चोखायला लागले. चांगल्या मिटक्या मारत. त्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की फुंकच बसेना. एकेक पिपाणी फुसफुसून बंद पडली, बँडमास्तरांचीसुद्धा. ढोलवाला हसायला लागला. रतन मात्र डोळे मिटून वाजवत होता. सगळा मांडव त्याचीच गिटार ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी म्हणतो, "अक्का, मी बँड सोडी दिन्हा. आते एकलाच वाजाडसू."

"का रे?"

"मन्ही गिटार आयकीसन बँडना मास्तरनीबी वाजाडनं बंद कयं!"

खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं.

एकट्या गिटारवर कोणाची वरात निघते? दोन-चार पूजांना बोलावणं आलं, मग तेही थांबलं. लोणखेड्यात सायकली दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. अजून गिऱ्हाइकाला सांगतो, "मन्हामुये अख्खा बँड गप व्हयी गया व्हता. इचारा अक्काले, ती व्हती तठे."

मी खाली बघून म्हणते, "व्हतू ना भाऊ. सर्वासना पुढे मीच उभी व्हतू."