वाकवलेली पट्टी

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. समोरच्या वेल्डिंग शाळेतून परीक्षा देऊन आलेली सून, आणि तिला घ्यायला आलेली सासू. सुनेच्या जाड निळ्या शर्टाला ठिणग्यांनी बारीक भोकं पडली होती.

“आता तरी बोल गं. माझा जीव टांगणीला लागलाय.”

“आई, मी जोडलेली पट्टी सरांनी यंत्रात घातली आणि पार वाकवली.”

“अगं बाई! मोडली?”

“वाकवतातच ती. जोड कच्चा असला की तिथे तडा जातो. मागच्या दोन्ही वेळा गेला होता, तसा.”

“आणि आज?”

“मी डोळेच मिटून घेतले होते. सर म्हणाले, बाई, डोळे उघडा, केसाएवढीही चीर नाही. पास!”

“पास? मग अशी तोंड पाडून काय आलीस?”

“तोंड नव्हतं पाडलं हो. सकाळपासून उभी राहून दमले होते.”

“त्याला कळवलंस?”

“नाही. आधी तुम्हाला.”

“अगं, नवरा आहे तो तुझा!”

“तो म्हणाला होता, या वेळी राहिलं तर सोडून दे. तुम्ही म्हणालात, राहिलं तर पुन्हा बस.”

“मला कुठे काय कळतंय त्यातलं? तू रोज संध्याकाळी बोटं भाजून घेऊन यायचीस आणि तरी हसत यायचीस. तेवढं दिसत होतं मला.”

“आई, रडताय?”

“छे गं. बस आली बघ. चढ तू आधी. आज खिडकीची जागा तुझी.”