अस्वल विहिरीत आहे

शाळेत पालकभेटीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा नातीला घेऊन उभे होते.

"बाई, हिला पुन्हा कच्च्या वाचकांत बसवा."

"अहो, ती आता छान वाचते! नव्या धोरणात अशा मुलांनी मनातल्या मनात वाचायचं असतं."

"तिथंच घोळ झाला. घरी रोज मला गोष्ट वाचून दाखवायची; त्यातलं अस्वल विहिरीत पडलं आणि हिचं वाचन मनात गेलं. माझ्या जिवाला घोर लागलाय."

"मग तुम्हीच वाचा की पुढचं."

"छे! अस्वलाचा आवाज हिलाच जमतो."

"काय गं, का नाही वाचून दाखवत?"

"बाई, आजोबा सारखे मध्ये बोलतात. विहिरीजवळ जाऊ नकोस म्हणून अस्वलावर ओरडत होते."

"मग? ऐकलं त्यानं?" आजोबा उसळले.

"बरं, ही आजपासून मोठ्यानं वाचेल. पण आजोबा, तुमची हाताची घडी, तोंडावर बोट!"