उरलेलं दूध

(कडेगावजवळची वस्ती. संध्याकाळी धार काढायची वेळ. गोठ्यात लालासाहेब आणि त्यांची तिसरीतली नात साक्षी. शाळेच्या संयोगिताबाई दारात उभ्या.)

संयोगिताबाई : अहो पण लालासाहेब, उद्या आख्खा वर्ग घेऊन येतेय मी. ‘आपलं अन्न कुठून येतं’ हा पाठ तुमच्या गोठ्यातच घ्यायचा ठरलाय. केंद्रप्रमुख येणार आहेत बघायला. आणि तुम्ही म्हणता रेडकू मेलं?

लालासाहेब : परवा मेलं. म्हस तर हाय न्हवं जागेवर.

संयोगिताबाई : गेल्या आठवड्यात चांगलं टुणटुणीत होतं की.

लालासाहेब : असनारच. ही आमी उठायच्या आत त्याचं दावं सोडून आईखाली लावायची. डेअरीत दूध कमी भराय लागलं तवा माझ्या ध्यानात आलं.

संयोगिताबाई : खरं का गं, साक्षी?

साक्षी : तुमीच शिकवलं, बाई. आधी रेडकाचं पोट भरतं, मग उरलेलं दूध आपलं.

लालासाहेब : मलाबी हेच म्हनाली. आवं, रेडी असती तर पाजली असती, उद्याची म्हस झाली असती. रेड्याला पाजून काय त्याची मिरवनूक काढायची? नेऊन बांधला पल्याड, हिच्या हाताला लागंना असा.

साक्षी : वरडत होतं, बाई. लय वरडत होतं.

लालासाहेब : वरडलं आन गप झालं.

संयोगिताबाई : म्हणजे उपाशी मारलंत त्याला?

लालासाहेब : मारलं न्हाई. पाजलं न्हाई. तुमच्या गावाकडं वाईला काय बिनदुधाचा चहा पित्यात?

संयोगिताबाई : मग तिथं कोपऱ्यात ते उभं काय आहे?

लालासाहेब : त्येच हाय. कातडं काढून आत पेंढा भरला. ते फुडं धरल्याबिगर ही बया पान्हावत न्हाई. पर माझ्या हातात बघितलं की लाथ झाडती. सुनंलाबी जवळ येऊ दीना. पोरीच्या हाताची सवय हाय तिला. साक्षे, चल, धर.

साक्षी : मी न्हाई धरनार.

लालासाहेब : कुनामुळं मेलं ते? दोन घोट मीच सोडत हुतो रोज. तू चोरून पाजलंस म्हनून तेबी बंद केलं.

साक्षी : बाई, सांगा की आज्जाला.

संयोगिताबाई : लालासाहेब, लहान आहे हो ती. तिचा जीव होता त्याच्यावर. नका लावू तिला.

लालासाहेब : मग ऱ्हायलं. आज पान्हा न्हाई सोडला तर म्हस आटली म्हनून समजा. उद्या सायेबास्नी मोकळी बादली दावा.

साक्षी : बाई?

संयोगिताबाई : साक्षी, तू शहाणी आहेस ना? थोडा वेळच धरायचंय, बाळा.

साक्षी : बाई, वास येतोय त्याला.

लालासाहेब : मिठाचा हाय. मानंखाली हात घाल. हां. आता तोंड कासंला लाव. तसं न्हाई, आनखी खाली.

संयोगिताबाई : मुलांना मी उद्या दारातच उभं करते. इथून जिवंतच वाटतंय. आणि साक्षी, साहेबांनी विचारलं तर ते रेडकाचं काही सांगायचं नाही हं. दूध म्हशीपासून मिळतं, एवढंच. म्हण बघू.

साक्षी : दूध म्हशीपासून मिळतं.

संयोगिताबाई : शाब्बास. उद्या अशीच मोठ्यानं म्हण.

साक्षी : आज्जा, ती चाटायली त्याला.

लालासाहेब : चाटू दे. तू हलू नगंस. पान्हा सोडला का बघ.

साक्षी : सोडला.