टकल्याच्या त्रेसष्ट फण्या

बघितलंत! बघितलंत ना आत्ता वर? नाही, नाही, लाजू नका, मला सवय आहे. मी नुसतं म्हणायचा अवकाश, की मला जुन्या नक्षीच्या फण्या जमवायचा नाद आहे, की ऐकणाऱ्याची नजर लगेच वर! माझ्या टकलावर! अहो, पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला कोणी विचारतं का, की तुम्हाला पत्र तरी येतं का हो एखादं? घड्याळं जमवणाऱ्याला म्हणतं का कोणी, की एवढा वेळ कुठून आणता? मला मात्र आमच्या शाळेतले पीटीचे काकासाहेब भर स्टाफरूममध्ये विचारतात, "काय नृसिंहराव, पुढच्या जन्माची तयारी का?" आणि सगळे खो खो हसतात, मीही हसतो, न हसून सांगतो कुणाला!

तुम्हाला सांगतो, मी चित्रकलेचा मास्तर. नगरात एकोणीस वर्षं झाली. अकरा वर्षांपूर्वी इंटरमिजिएट परीक्षेच्या वर्गाला मी सांगितलं, घरातली नक्षीची एखादी जुनी वस्तू आणा, तर एका पोरीने आजीची शिसवी फणी आणली. वर दोन राघू, चोचीला चोच लावून बसलेले, आणि खाली बारीक दात, एकही मोडका नाही! मी ती दिवसभर काढत बसलो, पुढचा तास कोणाचा होता ते विसरलो, हेडमास्तरांची बोलणी खाल्ली. संध्याकाळी पोरगी फणी घेऊन गेली आणि मला असं चुकल्याचुकल्यासारखं झालं म्हणता... तेव्हापासून लागलं हे. सोनईहून चंदनी आणली, श्रीरामपूरला चर्चजवळच्या एका बाईंकडून हस्तिदंती मिळवली, शिंगाच्या तर किती आल्या! अशा करता करता त्रेसष्ट झाल्या.

लग्न? नाही झालं. का नाही झालं ते विचारू नका, वर बघा, कळेल! तीन मुली बघितल्या. मुलीने खाली मान घालून बसायचं असतं की नाही? तिघींनी वर बघितलं. मग आईनेच म्हटलं, राहू दे बाबा. पुढे आईही गेली. आता दोन खोल्या, एक स्टोव्ह, आणि रविवारी संध्याकाळी मी कॉटवर धुतलेली चादर पसरतो, त्रेसष्टच्या त्रेसष्ट फण्या ओळीने मांडतो, एकेक पुसतो, आणि मग... मग काय? मग परत उचलून ठेवतो. दाखवणार कोणाला? एकदा शेजारच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना हौसेने बोलावलं, तर त्या दारातच थबकल्या, "भावजी, इतक्या बायकांच्या फण्या तुमच्या घरात आल्या कशा?" आणि तेव्हापासून त्या मला विरजणसुद्धा खिडकीतून देतात.

बरं, ते असो. हे दुष्काळाचं साल. लोकांनी घरातलं पितळ-तांबं मोडीत घातलं. आमचा एक मोडवाला आहे, बन्सी, तो तालुक्यातालुक्याचे बाजार करतो. तो एक दिवस शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाला, "मास्तर, काष्टीच्या बाजारात येक म्हातारी आली हुती. तेलाची फनी घिऊन. वर दोन मोर, मोरांच्या मधी मळसूत्राचं बूच. काट्यात टाकली, आन काटा सरळ हुयाच्या आत उचलून घेतली की! म्हनली, न्हाई द्यायची. माजी हाय."

तेलाची फणी! तुम्हाला काय सांगू, ही फणी पितळेची असते, आतून पोकळ. बूच काढायचं, तेल भरायचं, बूच लावायचं. विंचरायला लागलं की दाताच्या मुळातल्या बारीक भोकांतून तेल थेंबथेंब केसांत उतरतं. अकरा वर्षं मी हिच्या मागावर! आणि शिवाय ती चौसष्टावी! चौसष्ट म्हणजे, अहो, कला चौसष्ट! ही मिळाली की माझं काम झालं, मग मी डोळे मिटायला मोकळा, असं म्हणत मी शनिवारी सकाळची शाळा सुटल्या सुटल्या पॅसेंजर पकडली आणि काष्टीला उतरलो. शनिवार म्हणजे तिथला बाजार, बैल, बकरी, माणसं, फुफाटा! त्यातून विचारत विचारत त्या म्हातारीचं, गोजरबाईंचं, घर गाठलं.

म्हातारी ओट्यावर एकटी बसलेली. ऐंशीच्या घरातली, डोक्यावर पदर घट्ट. "कोन रं बाबा?" म्हणाली. मी म्हटलं, आजी, मी नगरचा मास्तर, मी जुन्या फण्या जमवतो. आणि थांबलो. आता बघणार वर, म्हणून थांबलो. तर नाही! बाईने वर बघितलंच नाही! सरळ समोर बघत म्हणाली, "बरं मंग?" अहो, मला भरून आलं! अकरा वर्षांत पहिलं माणूस! मग जवळ बसल्यावर कळलं... दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

म्हटलं, आजी, फणीचं काय घ्याल? "पैसं? पैसं काय चावू? त्येला दात लागत्यात. मास्तर, फनी देते, पन माजं डोस्कं इंचरून द्या. ह्यो खांदा धरलाय, हात वर जात न्हाई. सून खडी फोडाया जाती, येती आन भुईला पाठ टेकती, तिला कोन्त्या तोंडानं म्हनू? दिवाळीपसनं केसाला फनी न्हाई. आन त्याल घिऊन या बाजारातनं, खोबऱ्याचं. कोरडं इंचरशिला तर केसांबरुबर जीव बी निगंल."

आता मला सांगा! मी! घरी त्रेसष्ट फण्या, पण उभ्या जन्मात दुसऱ्याच्या एका केसातून फणी फिरवलेली नाही... स्वतःच्या म्हणाल, तर पंचविशीनंतर प्रश्नच मिटला होता. पण चौसष्टावी हो! गेलो, बाटली आणली, फणीत तेल भरलं, म्हातारीच्या मागे मांडी घातली, पदर बाजूला केला, आणि बघतो तो काय, केस कसले, सगळा गुंताडाच! मी आपली टाळूवर फणी रोवली आणि ओढली खाली.

"आगागागा! मास्तर हायसा का कुळव धरलाय? खालनं! आदी खालची टोकं सोडवा, मंग वर वर या. शाळंत बी असंच शिकिवता व्हय, येकदम वरनं?"

म्हटलं, चुकलं आजी. तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं मी लोकांना शिकवतोय, मला कोणी शिकवून किती काळ लोटला होता! मी खालून सुरू केलं. बोटभर सुटलं, चार बोटं सुटलं, आणि दातांच्या मुळाशी... तेल! एक थेंब, मग दुसरा, केसाकेसावरून निघाले की हो चमकत! अकरा वर्षं मी फण्या जमवतोय, पण फणी चालताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मी ओरडलोच, आजी, आलं, तेल आलं! तर ती म्हणते, "येनारच की. त्येच्यासाटीच हाय ती."

मग ती बोलायला लागली. फणी आईने सासरी पाठवताना दिलेली, धनी सुगीच्या दिवसांत कौतुकाने म्हणायचे, इंचरून बस गं जरा... ते जाऊन वीस वर्षं झाली. मोडीत घालायला नेली, पण काट्यात पडल्यावर तिचा खण्ण आवाज झाला आणि जीव धजावला नाही. मग मला विचारलं, "मास्तर, घरी कोन कोन हाय?" म्हटलं, कोणी नाही, फण्या आहेत. "बोलत्यात का त्या?" मी पुढची बट हातात घेतली.

दोन तास लागले. शेवटी छोटा अंबाडा घालून झाला, तर म्हातारीने फणी चाचपली, तळहातावर उरलेलं तेल ओतलं, म्हणाली, "दुस्काळाचं त्याल, वाया कशापायी घालवायचं?" आणि मागे वळून दुसरा, धड असलेला हात केला माझ्या डोक्याकडे. सगळ्यांची नजर वर जाते, हिचा हात गेला! "द्येवा, हितं तर समदं रान मोकळं!" म्हणाली, हसली, पण हात नाही काढला हो. चांगलं जिरेस्तोवर चोळत बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेलाचं असेल... नाही, खोटं कशाला बोलू, तेलाचं नव्हतं. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कोणाचा हात लागलेला नव्हता.

आणि इथेच मी घोटाळा केला! ओट्यावर विंचरताना निघालेल्या केसांचं मूठभर गुंतवळ पडलं होतं. मास्तरकीची सवय, कुठे कचरा टाकायचा नाही. मी ते गोळा केलं, रुमालात बांधलं, घातलं खिशात, म्हटलं स्टेशनवर टाकू. आता गुंतवळावर थू थू करून ते वळचणीला खोचायचं असतं, परक्याच्या हाती जाऊ द्यायचं नसतं, नाहीतर करणी होते, हे म्हणे बाईमाणसाला उपजत कळतं. मला कोण सांगणार? घरात बाईमाणूस नाही, डोक्यावर केस नाही!

समोरच्या घरातून रतनबाई बघत होती. तिने जो काय टाहो फोडला! "धरा, धरा! म्हातारीचं क्यास घिऊन चाललाय! करनी करनारा हाय!" अख्खा बाजार लोटला. म्हातारीचा मुलगा कारभारी बाजारातून धावत आला, त्याने आधी माझी गचांडी धरली आणि मग विचारलं, "कोन तू?" मी म्हटलं, चित्रकलेचा शिक्षक. "मंग चित्र काड की! क्यास कशाला नेतो?" कोणीतरी माझी पिशवी उपडी केली, तर ताडून बघायला नेलेल्या तीन फण्या टपाटपा खाली पडल्या. रतनबाई म्हणाली, "ह्या कुनाच्या रं? ह्या बाया जित्त्या तरी हायेत का?" मी ओरडलो, अहो, मला जुन्या फण्या जमवायचा नाद आहे! आणि तुम्हाला सांगतो... शे-दीडशे माणसं... एकदम... वर! त्यात ते तेल लावलेलं, उन्हात झळाळणारं! आता मारतात म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"कारभारी, सोड त्येला!" म्हातारी भिंत धरून उभी राहिली होती. "माज्यावर करनी करून कुनाला काय मिळायचं हाय? चार म्हयनं डोस्क्यात काटं टोचल्यावानी हुतंय मला. रतने, तू म्होरं ऱ्हातीस. येकदा तरी आलीस का? तू रं कारभारी, येकदा तरी इचारलंस का, आये, तुजं कसं हाय? ह्यो परका मानूस आला आन दोन तास मांडी घालून बसला. आन त्येला मारताय?"

कारभारीने गचांडी सोडली, माझा सदरा सारखा केला आणि खाली बघत म्हणाला, "मास्तर, च्या घ्या." मी खिशातला रुमाल काढून दिला, तशी रतनबाईने त्यातलं गुंतवळ घेतलं, तीनदा थुंकली, वळचणीला खोचलं, आणि डोळ्याला पदर लावत आत निघून गेली. मी गुळाचा काळा चहा घेतला, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी वाटीभर खाल्ली, गाडीची वेळ झाली, उठलो आणि हात पुढे केला. म्हटलं, आजी, फणी.

"फनी? फनी नेली तर पुढल्या शनवारी कशानं इंचरनार?"

म्हटलं, अहो, पण आपलं ठरलं होतं ना!

"ठरलं हुतं की! डोस्कं काय येकडाव इंचरून भागतं व्हय?"

तेव्हापासून सात शनिवार झाले. शाळा सुटली की पॅसेंजर, काष्टी, ओटा. खालून सुरू करतो, वर येतो. हात चांगला बसलाय आता, बटा ओढल्या जात नाहीत. मग ती उरलेलं तेल माझ्या डोक्याला चोळते आणि मी संध्याकाळच्या गाडीने परत. काकासाहेब विचारतात, "काय, चौसष्टावी आली का?" मी म्हणतो, येईल, येईल. कारण म्हातारीने शब्द दिलाय, "मी मेल्यावर घिऊन जा." आणि झाली का पंचाईत! अकरा वर्षांत पहिल्यांदा मला एक फणी नकोशी झालीय. शनिवारी गाडी बेलवंडीच्या पुढे गेली की मी खिडकीतून मान बाहेर काढून बसतो. ओट्यावर म्हातारी दिसली की हुश्श म्हणतो आणि मग चालायला लागतो.

परवा अंबाडा घालताना तिने मध्येच विचारलं, "मास्तर, समजा तुमीच आदी गेला तर? त्या तिरसष्ट फन्या कुनाला?" म्हटलं, आजी, काहीतरीच काय, तुम्ही ऐंशीच्या, मी एक्कावन्नचा! "मरान काय तुमच्या शाळंवानी नंबरानं बोलवतं व्हय? मला लिवून द्या."

दिलं लिहून. शाळेचा कोरा कागद, खाली सही, तारीख... दुसरं आहे कोण?