जुळ्या काकांची ओळ

दादाला जाऊन महिनाही झाला नाही. तरी हे सांगतोच.

हुडको कॉलनीत त्याचं डीटीपीचं दुकान होतं. नवं सॉफ्टवेअर घेऊन त्यानं जुन्या फायली त्यात आणल्या. बोरकर नावाच्या गिऱ्हाइकाच्या मोठ्या मुलीची लग्नपत्रिका त्यात होती, तीच बदलून धाकटीची करायची होती. पण नव्यात अक्षरं रुंद झाली आणि मुलीच्या जुळ्या काकांची एका ओळीतली नावं वर-खाली गेली. खाली गेलेले काका नमुना पाहून दुकानातच भडकले.

"माह्यं नाव खाली कावून? मी लग्नाले येत नाही."

बोरकर रडकुंडीला आले. नावं उलटी लावली तर दुसरे रुसणार होते.

मी म्हटलं, "नका येऊ मंग."

दादानं मला चहा आणायला पिटाळलं. परत आलो तर सगळी नावं पत्रिकेवरच्या गणपतीभोवती गोल मांडलेली.

"आता वाचाचं कुठून?" काकांनी विचारलं.

"तुमच्यापासून, काकाजी."

काका खुश होऊन गेले. संध्याकाळी दुसरे आले. त्यांनीही तेच विचारलं आणि दादानं गंभीर चेहऱ्यानं तेच उत्तर दिलं. मला हसू फुटलं, तशी टेबलाखालून त्याची लाथ बसली.

तशी एक लाथ आता पुन्हा बसली, तर मला दुसरं काही नको.