फाईलमधलं अपेंडिक्स

(आखातातल्या अल कुसैसमधलं एक लहान खासगी क्लिनिक, १९९९. दुपारचा दीड. दाराशी रुग्णवाहिका उभी. आत स्ट्रेचरवर पेशंट, शेजारी त्याच्या कंपनीचा सुपरवायझर सतीश.)

प्रज्ञा : ...ताप एकशे दोन, उलट्या तीन, सलाईनची दुसरी बाटली बाराला लावली. ऐकतोयस ना, रिझवान?

रिझवान : ऐकतोय, सिस्टर. पण कागदावर आहे तेच वाचून दाखवताय. मोठ्या हॉस्पिटलात कागद वाचतात ते लोक. यल्ला, सही करा, मी गाडी काढतो.

प्रज्ञा : पेशंट माझ्या हातातून तुझ्या हातात जातोय. वाचल्याशिवाय नाही. नाव सोमनाथ, वय एकतीस. आधीचं ऑपरेशन : अपेंडिक्स, सत्त्याण्णव साली काढलं. डॉक्टरांचा अंदाज, मूतखडा.

सतीश : खडाच आहे. डॉक्टर बोलले ना तसं? द्या तो लिफाफा. मला दोनला साइटवर मीटिंग आहे.

रिझवान : सिस्टर, अपेंडिक्स कुठल्या बाजूला असतं?

प्रज्ञा : उजव्या. का रे?

रिझवान : गाऊन आत्ता मीच चढवला याला. उजवीकडे काय नाय. डावीकडे पण नाय. टाका म्हणून नाय पोटावर.

प्रज्ञा : नीट बघितलंस?

रिझवान : आठ वर्षं स्ट्रेचर उचलतोय. टाके नाय कळणार मला? तुम्हीच या.

प्रज्ञा : बाजूला हो. सोमनाथ, पोटावरचा हात काढ. इथं दाबते हं. दुखतं?

पेशंट : दुखतंय... आई गं! बाई, हात काढला तवा लईच कळ आली.

प्रज्ञा : तुझं अपेंडिक्स कधी काढलं?

पेशंट : ते... सायबांना इचारा.

प्रज्ञा : पोट तुझं आणि विचारू साहेबांना?

सतीश : घाबरलाय तो, सिस्टर. दुर्बिणीनं केलं असेल. त्याची खूण राहत नाही.

प्रज्ञा : दुर्बिणीच्याही दोन-तीन खुणा राहतात, सतीशराव. सकाळी बाहेर चाळीस माणसं बसली होती. फाईलमध्ये लिहिलंय अपेंडिक्स नाही, म्हणून डॉक्टरांनी शर्टावरूनच हात फिरवला. ती फाईल काढून त्यांच्यापुढे मी ठेवली. आणि मी कशावरून काढली? तुम्ही दिलेल्या हेल्थ कार्डावरून.

सतीश : मग? कार्ड खरं आहे.

प्रज्ञा : कार्ड खरं आहे. फोटोत दाढी होती, मी म्हटलं, काढली असेल. बाळा, नाव काय तुझं?

पेशंट : सोमनाथ.

प्रज्ञा : आईनं ठेवलेलं विचारतेय.

रिझवान : बोल रे भावा. हे पोलीस स्टेशन नाय. सिस्टर नाशिकची, मी दापोलीचा. आपलीच माणसं.

पेशंट : किसन. सोमनाथ माझ्या खोलीतला. खालच्या कॉटवर झोपतो.

सतीश : झालं, खलास! गप पडून राहा म्हणालो होतो ना तुला?

किसन : राह्यलो की दोन दिस.

प्रज्ञा : दोन दिवस? याचं स्वतःचं कार्ड कुठाय?

सतीश : झालेलं नाही. चार महिने याचे पेपर ऑफिसात पडलेत. सकाळी हा गडबडा लोळत होता. तुमचा काउंटर कार्डाशिवाय नाव लिहीत नाही. सोमनाथचं कार्ड माझ्या खिशात होतं. काय करायचं होतं मी? मी माणूस वाचवायला आणलाय, सिस्टर. मारायला नाही.

प्रज्ञा : ते मी मानते. पण आता तिकडे हा लिफाफा उघडतील. ‘अपेंडिक्स काढलेलं’ वाचतील, आणि याला खड्याच्या पेशंटांत झोपवतील. संध्याकाळपर्यंत अपेंडिक्स आत फुटलं तर? मग तुम्ही वाचवायला आणलंत की मारायला, ते कोण विचारणार?

सतीश : सोपं आहे. नाव राहू द्या. ती ऑपरेशनची एकच ओळ काढून टाका. सगळ्यांचंच भागेल.

प्रज्ञा : आणि बाकीच्या ओळी? रक्तगट सोमनाथचा. चालू गोळ्या सोमनाथच्या. याला कुठलं इंजेक्शन सोसत नाही, ते कुठाय? आणि उद्या सोमनाथचं पोट दुखलं तर त्याच्या फाईलमध्ये काय दिसेल? एकाच माणसाचं अपेंडिक्स दोनदा काढलं?

रिझवान : दुसऱ्यांदा उगवलं असेल. गल्फचं पाणी.

सतीश : हसू नको, रिझवान! सिस्टर, मला शिकवू नका. सकाळी रजिस्टरात सोमनाथ कुणी लिहिलं? अक्षर तुमचंच आहे. हे बाहेर गेलं तर तुमचं लायसन्स जाईल. याला आधी आत टाकतील, मग विमानात घालतील. आणि तुमच्या मालकांना विचारा, महिन्याला किती पेशंट पाठवते आमची कंपनी.

प्रज्ञा : रिझवान, ते रजिस्टर दे इकडे.

सतीश : काय करताय?

प्रज्ञा : आमच्यात खोडत नाहीत, सतीशराव. एकच रेघ मारायची, चूक वाचता येईल अशी. वर खरं नाव. किसन, वय किती?

किसन : तेवीस.

प्रज्ञा : तेवीस. बाजूला माझी सही. वेळ, एक चाळीस. माझी चूक मी लिहिली. तुमची तुम्ही बघा.

सतीश : वेड लागलंय का तुम्हाला?

प्रज्ञा : एक मिनिट, फोन लागला. हॅलो, डॉक्टर? प्रज्ञा. जेवताय, माहितीये. सकाळचा खड्याचा पेशंट. फाईल दुसऱ्याची होती... हो, मीच काढली. पोटावर एकही व्रण नाही, आणि उजवीकडे हात दाबून सोडला की जास्त दुखतं... ‘चूक माझी’ हे नंतर म्हणा, डॉक्टर, आत्ता तिकडच्या सर्जनना फोन करा. नाव किसन सांगा... नाही, कार्ड नाही. तेही सांगा. मी कागद नवा करते. गाडी पाच मिनिटांत निघेल.

सतीश : निघणार नाही. गाडी कंपनीनं बोलावलीय. उतरवा त्याला. कामगारांच्या कॅम्पात नेतो मी. तिथं आमचा कंपाउंडर आहे.

रिझवान : हे पट्टे दिसतात ना, हबीबी? मी बांधलेत. सोडणार पण मीच, तिकडच्या दारात.

सतीश : तुझ्या ऑफिसला एक फोन केला तर उद्या कामावर नसशील.

रिझवान : कर की. नंबर देऊ? उद्या दापोलीत जीप चालवीन. पण तिकडच्या मर्सी सिस्टरला मी रोज तोंड दाखवतो. तिच्या हातात खोटा लिफाफा द्यायचा, आणि माणूस मेला की परवा पुन्हा तिलाच ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं? नाय जमणार.

किसन : सिस्टरबाई, मला खरंच आत टाकतील का?

प्रज्ञा : मला नाही माहीत, किसन. खोटं कशाला सांगू? विचारतील, त्रास देतील. पण आधी ऑपरेशन करतील. अशा अवस्थेत आलेल्याला दारातून परत पाठवताना मी त्यांना पाहिलेलं नाही. पाणी मागू नकोस. कुणी दिलं तरी पिऊ नकोस. कुठलं इंजेक्शन सोसत नाही तुला?

किसन : गावाकडं दवाखान्यात एकदा दिलं व्हतं. तोंड सुजलं, श्वास बंद झाला. पेन्सिलीन म्हणले.

प्रज्ञा : रिझवान, ऐकलंस?

रिझवान : ऐकलं. लाल पेनानं लिहा. मी तोंडानं पण सांगतो.

प्रज्ञा : लाल पेनानंच लिहितेय. सोमनाथच्या फाईलमध्ये काय आहे बघा, सतीशराव. ‘ॲलर्जी : नाही.’ एकच ओळ काढायची होती ना?

सतीश : मला हे माहीत नव्हतं, सिस्टर. शपथ.

प्रज्ञा : मलाही नव्हतं.

सतीश : तुम्ही दोघं एकमेकांना धरून आहात. माझ्यामागे कोण उभं राहणार? मालक म्हणेल, सतीशनं केलं.

प्रज्ञा : याचे पेपर ऑफिसात कुठल्या तारखेला दिलेत?

सतीश : सतरा जून. पोच आहे माझ्याकडे.

प्रज्ञा : मग ती पोच घेऊन गाडीत बसा. कोणी विचारलं तर दाखवा.

सतीश : मालकाच्या विरुद्ध?

प्रज्ञा : विरुद्ध-बिरुद्ध काही बोलू नका. तारीख दाखवा फक्त. घे, रिझवान, नवा कागद. माझी सही झाली. तुझी कर.

रिझवान : केली. चला, दार धरा कोणीतरी.

सतीश : थांब, मी पुढे बसतो. आणि ऐका, याचं इथं नातेवाईक असं कुणी नाही. ऑपरेशनच्या कागदावर कंपनीतर्फे मी सही करीन. कॅम्पच्या हजेरीला अंगठा लावतो हा.

किसन : मला सही येते, सतीशभाऊ. तुम्ही शाई पुढं केली, म्हणून अंगठा लावला.